लोझानच्या टेबलावर बसलेला माणूस : इस्मत इनोनू

भायखळ्याच्या खिलाफत हाऊसवरून दर वर्षी ईद-ए-मिलादचा जुलूस निघतो. आपल्यापैकी कितीतरी जण लहानपणी अब्बांचं बोट धरून त्यात चालले असतील. पण त्या इमारतीच्या नावात जी खिलाफत आहे तिचं पुढे काय झालं, असं घरातल्या मुलांनी विचारलं तर आपण अली बंधू, गांधीजी, असहकार चळवळ एवढं सांगून थांबतो. खिलाफतीसाठीची हाक मुंबईतून उठली, पण तिचा निकाल मुंबईत लागला नाही. तो लागला आधी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात आणि मग अंकारात. या दोन्ही ठिकाणी एक माणूस हजर होता. ठेंगणा, सडपातळ, कानाने अधू असलेला फौजी माणूस. त्याचं नाव मुस्तफा इस्मत. जग त्याला इस्मत इनोनू म्हणून ओळखतं.

आज आम्ही त्यांची जीवनकथा सांगणार आहोत, त्याला कारण आहे. मोठं युद्ध संपलं की जिंकलेले देश नकाशा पुढ्यात घेऊन बसतात. कुणाची सरहद्द कुठे, कुणाचं कर्ज कुणी फेडायचं, कुणाला फौज ठेवता येईल आणि कुणाला नाही, हे सगळं तेव्हा ठरतं. इस्मत यांच्या आयुष्यात असं दोनदा घडलं. एकदा १९१८ नंतर आणि एकदा १९४५ नंतर. पहिल्या वेळी त्यांचा देश हरलेला होता, दुसऱ्या वेळी तो युद्धातून जेमतेम बाहेर राहिलेला होता. दोन्ही वेळा त्यांनी आपल्या देशासाठी जागा मिळवली. त्यांचं सगळंच आम्हाला पटतं असं नाही, आणि ते आम्ही लपवणारही नाही.

येमेनच्या पहाडातला पहिला धडा

इस्मत यांचा जन्म २४ सप्टेंबर १८८४ चा, इझमीर शहरातला. वडील रशीद बे सरकारी नोकरीत, कायद्याच्या कामात होते. आईचं घराणं बल्गेरियाकडच्या राझग्राद भागातलं, वडिलांचं मूळ पूर्व तुर्कस्तानातलं. म्हणजे उस्मानी सल्तनतीची दोन टोकं एकाच घरात नांदत होती. मुलगा सिवासच्या लष्करी शाळेत शिकला, पुढे इस्तंबूलला तोफखान्याचं शिक्षण घेतलं आणि १९०६ मध्ये स्टाफ कॉलेजातून बाहेर पडला.

१९१० मध्ये त्यांची रवानगी येमेनला झाली. तिथे इमाम याह्या यांचं बंड पेटलं होतं. सल्तनतीने वर्षानुवर्षं फौजा पाठवल्या, हजारो तुर्की जवान त्या पहाडात गेले, पण बंड काही मिटेना. अखेर १९११ मध्ये सेनापती इज्जत पाशांनी इमामांशी बोलणी केली. पहाडातल्या झैदी लोकांचा कारभार इमामांकडे आणि सुलतानाची सत्ता कागदावर कायम, असा समझोता झाला. तरुण इस्मत त्या बोलण्यांत सामील होते. जे बंदुकीने वर्षानुवर्षं जमलं नाही ते समोरच्याला त्याची इज्जत राखून दिल्यावर जमलं, हे त्यांनी जवळून पाहिलं. पुढे पहिलं महायुद्ध आलं. त्यात ते कॉकेशसच्या बर्फात लढले, मग फलस्तीनच्या आघाडीवर गेले. ऑक्टोबर १९१७ मध्ये बीरशेबा पडलं तेव्हा तिथली तुर्की कोर त्यांच्याच हाताखाली होती.

सेव्रचा तह : चिनी मातीच्या कारखान्यात झालेली सही

३० ऑक्टोबर १९१८ ला मुद्रोस इथे युद्धबंदी झाली. दोन आठवड्यांत दोस्तांच्या आरमाराने इस्तंबूलच्या समोर नांगर टाकले. १५ मे १९१९ ला ग्रीक फौज इझमीरमध्ये उतरली. इस्मत यांचं जन्मगावच गेलं म्हणा ना.

आणि मग आला सेव्रचा तह. १० ऑगस्ट १९२० रोजी पॅरिसजवळच्या सेव्र गावात, चिनी मातीची भांडी करणाऱ्या प्रसिद्ध कारखान्याच्या दालनात, सुलतानाच्या प्रतिनिधींनी सह्या केल्या. त्या कागदात काय नव्हतं? इझमीरचा कारभार ग्रीकांकडे. पूर्व थ्रेस जवळपास सगळा ग्रीकांचा. पूर्वेला आर्मेनियाचं राज्य, त्याच्या दक्षिणेला कुर्दांना स्वायत्तता आणि पुढेमागे वेगळं होण्याची वाट. सामुद्रधुन्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या ताब्यात. फौज सुमारे पन्नास हजारांची आणि देशाच्या तिजोरीवर परक्यांची देखरेख. अरब मुलूख तर आधीच ब्रिटन आणि फ्रान्सने आपसात वाटून घेतले होते.

या तहावर चर्चा अशी झालीच नाही. कागद तयार करून पुढे ढकलला आणि सही मागितली. त्यामुळे झालं असं की तो कधी मंजूरही झाला नाही आणि कधी अमलातही आला नाही. अनातोलियाच्या पठारावर, अंकारा नावाच्या तेव्हाच्या छोट्याशा गावात, मुस्तफा कमाल पाशांनी वेगळी मजलिस उभी केली होती. इस्मत एप्रिल १९२० मध्ये तिथे जाऊन मिळाले. इस्तंबूलच्या लष्करी कोर्टाने त्यांना गैरहजेरीत मौतीची सजा सुनावली.

आपल्याकडे त्या दिवसांत काय चाललं होतं ते आपल्या वडीलधाऱ्यांनी ऐकवलेलं आहे. मध्यवर्ती खिलाफत कमिटीचं ठाणं मुंबईत होतं आणि मियां मोहम्मद छोटानी तिचे अध्यक्ष होते. गल्लोगल्ली चंदा जमत होता, बायका अंगावरचे दागिने काढून देत होत्या. मौलाना मोहम्मद अली १९२० मध्ये शिष्टमंडळ घेऊन लंडनला गेले आणि पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांना भेटून रिकाम्या हाताने परतले. पण हा आवाज अगदीच वाया गेला असं नाही. मार्च १९२२ मध्ये हिंदुस्थान सरकारने लंडनला तार केली, की इस्तंबूल रिकामं करा, थ्रेस आणि इझमीर तुर्कांना परत द्या, मुसलमानांच्या भावनेचा विचार करा. भारतमंत्री माँटेग्यू यांनी ती तार छापायला परवानगी दिली आणि त्यापायी त्यांना खुर्ची सोडावी लागली. भेंडीबाजारातला आवाज कुठवर पोचला होता ते यावरून समजावं.

जानेवारी १९२१ मध्ये आणि पुन्हा मार्च अखेरीस इस्मत यांच्या फौजेने इनोनू या स्टेशनाजवळ ग्रीक सैन्याला अडवलं. याच गावाचं नाव पुढे १९३४ मध्ये, आडनावांचा कायदा झाला तेव्हा, त्यांना मिळालं. जुलैत मात्र कुताह्या आणि एस्कीशेहीरला त्यांचा जबर पराभव झाला आणि फौज साकार्या नदीमागे हटली. हेही सांगायला हवं, कारण ते काही अजिंक्य सेनापती नव्हते. साकार्याची लढाई आणि ऑगस्ट १९२२ ची मोठी चढाई यांची सूत्रं कमाल पाशांच्या हातात होती. ९ सप्टेंबर १९२२ ला तुर्की घोडदळ इझमीरमध्ये शिरलं. त्यानंतर काही दिवसांत ते शहर आगीत होरपळलं आणि बंदरावर निर्वासितांचा पूर लोटला. युद्ध जिंकणाऱ्याच्या वाट्यालाही असे दिवस येतात.

आता तुर्की फौज सामुद्रधुनीच्या तोंडाशी, ब्रिटिश तुकड्यांच्या समोर उभी राहिली. एक गोळी सुटली असती तर नवं युद्ध पेटलं असतं. कॅनडासारख्या देशाने ब्रिटनला आंख मूंदकर साथ द्यायला नकार दिला. मर्मरा समुद्राकाठच्या मुदान्या गावात इस्मत आणि ब्रिटिश जनरल हॅरिंग्टन समोरासमोर बसले आणि ११ ऑक्टोबर १९२२ ला युद्धबंदी झाली. पूर्व थ्रेस एकही लढाई न करता तुर्कांना परत मिळाला. आठवडाभरात लंडनमध्ये लॉइड जॉर्ज यांचं सरकार कोसळलं.

कर्झन यांच्या समोर

शांतता परिषदेचं आमंत्रण आलं ते दोघांना, इस्तंबूलच्या सुलतानाला आणि अंकाराच्या मजलिसलाही. एका देशाचे दोन वकील बसले तर दोघांना एकमेकांविरुद्ध खेळवता येतं, हे ओळखून अंकाराने १ नोव्हेंबर १९२२ ला सल्तनतच रद्द केली. अब्दुलमजीद यांना फक्त खलीफा म्हणून निवडलं. आणि लोझानला पाठवायला कुणी मुरब्बी वकील किंवा राजदूत न निवडता मुदान्यात टिकून राहिलेल्या फौजी माणसाला परराष्ट्रमंत्री करून धाडलं.

२० नोव्हेंबर १९२२ ला परिषद सुरू झाली. समोर ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड कर्झन होते. हो, तेच कर्झन, जे आपल्याकडे व्हाइसरॉय होते आणि ज्यांनी १९०५ मध्ये बंगालची फाळणी केली. पूर्वेकडच्या लोकांना कसं वागवायचं याची त्यांना पुरी सवय होती. उद्घाटनाला स्विस राष्ट्राध्यक्ष बोलले, मग कर्झन बोलले. इस्मत यांचं भाषण कार्यक्रमात नव्हतं. तरी ते उठले आणि बोललेच. आपण बरोबरीच्या नात्याने आलो आहोत, सजा ऐकायला आलेलो नाही, एवढं त्यांना पहिल्याच दिवशी सगळ्यांना दाखवायचं होतं.

कामासाठी तीन समित्या झाल्या. मुलूख आणि फौज ही कर्झन यांच्याकडे, परदेशी लोकांच्या हक्कांची इटलीकडे, पैशाअडक्याची फ्रान्सकडे. अंकाराने इस्मत यांना चौदा कलमांची यादी दिली होती. त्यातल्या दोन बाबतींत तडजोड नव्हती, वेळ आली तर परिषद मोडून परत यायचं होतं. एक, अनातोलियात आर्मेनियन राज्य. दुसरी, कॅपिट्युलेशन्स.

हा दुसरा शब्द समजून घेतला पाहिजे, कारण सगळी लढाई त्याच्याभोवती होती. शेकडो वर्षांपूर्वी, सल्तनत बलाढ्य असताना, सुलतानांनी युरोपच्या व्यापाऱ्यांना सवलती दिल्या होत्या. पुढे सल्तनत दुबळी झाली आणि त्याच सवलती गळ्याचा फास झाल्या. परदेशी माणसाने गुन्हा केला तर तुर्की कोर्टात खटला नाही. त्याला बरेचसे कर माफ. आयात मालावर जकात किती लावायची हे तुर्क स्वतःच्या मर्जीने ठरवू शकत नव्हते. त्यावर १८८१ पासून कर्जवसुलीची वेगळी कचेरी, जी मीठ, तंबाखू, स्टॅम्प यांचं उत्पन्न परस्पर सावकारांना देत होती. म्हणजे झेंडा आपला आणि गल्ला दुसऱ्याचा. आपल्या पूर्वजांनी कंपनी सरकार पाहिलं होतं, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

इस्मत यांचा डावपेच साधा होता. कर्झन तासभर अस्खलित बोलायचे. इस्मत कानाला हात लावून ऐकायचे, शेजाऱ्याकडून पुन्हा समजून घ्यायचे, वेळ मागायचे, अंकाराला विचारतो म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्याच मुद्द्यावर येऊन बसायचे. त्यांना खरंच कमी ऐकू यायचं, पण गैरसोयीचं बोलणं त्यांना जरा जास्तच कमी ऐकू यायचं असं तेव्हाचे लोक सांगत. गंमत म्हणजे अंकाराच्या बऱ्याच तारा ब्रिटिशांचे हेर मधल्या मध्ये पकडून वाचत होते. समोरच्याचे पत्ते कर्झन यांना दिसत होते, तरी हा माणूस हलेना.

इस्मत यांनी पुढे एक आठवण अनेकदा सांगितली. कर्झन त्यांना म्हणाले होते की तुम्ही आमचं काहीच मानत नाही, ते सगळे नकार आम्ही खिशात ठेवतो आहोत. उद्या उजाड झालेला देश उभारायला पैसा लागेल, तेव्हा तुम्ही आमच्याकडेच याल आणि आम्ही एकेक नकार खिशातून काढून दाखवू. ही गोष्ट इस्मत विसरले नाहीत. पंतप्रधान झाल्यावर त्यांनी परदेशी कर्ज शक्यतो टाळलं, परकीय कंपन्यांच्या रेल्वे विकत घेतल्या आणि नव्या लाइन बहुतेक देशाच्या पैशातून टाकल्या. १९३० मध्ये रेल्वे सिवासला पोचली, जिथल्या शाळेत ते शिकले होते.

४ फेब्रुवारी १९२३ ला बोलणी मोडली. कर्झन रागाने आगगाडी पकडून निघून गेले. २३ एप्रिलला परिषद पुन्हा भरली तेव्हा कर्झन यांच्या जागी होरेस रम्बोल्ड होते. अखेरीस अंकारातूनच अडथळा आला. पंतप्रधान रऊफ बे यांचं आणि इस्मत यांचं पटत नव्हतं, सहीची परवानगी येईना. इस्मत यांनी थेट कमाल पाशांना तार केली आणि त्यांच्याकडून होकार आणला. २४ जुलै १९२३ ला सह्या झाल्या.

काय मिळालं, कोण राहून गेलं

१४३ कलमांच्या त्या तहाच्या २८ व्या कलमाने कॅपिट्युलेशन्स संपूर्ण रद्द झाल्या. उस्मानी कर्ज सगळ्या वारस देशांत वाटलं गेलं, तुर्कस्तानने आपला वाटा १९५४ पर्यंत फेडला. ६ ऑक्टोबर १९२३ ला तुर्की फौज इस्तंबूलमध्ये परतली.

सगळं काही मिळालं नाही. मोसूलचा निकाल राष्ट्रसंघावर सोडला आणि १९२६ मध्ये ते इराकला, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश ताब्यात, गेलं. सामुद्रधुन्यांवर फौज ठेवायला बंदी आली. पण इस्मत यांनी आदळआपट केली नाही. जे मिळालं ते पक्कं केलं आणि उरलेल्यासाठी वाट पाहिली. १९३६ मध्ये युरोपात पुन्हा युद्धाचे ढग जमले तेव्हा माँत्रो शहरात नवा करार झाला आणि सामुद्रधुन्या तुर्कांच्या हातात परत आल्या.

पहिल्या महायुद्धानंतर हरलेल्या देशांशी पाच तह झाले. व्हर्साय, सेंट जर्मेन, नुई, त्रियानों आणि सेव्र. पाचही जिंकलेल्यांनी लिहून पुढे केले होते. वीस-पंचवीस वर्षांत त्या व्यवस्थेचे तुकडे झाले आणि जगाने आणखी मोठं युद्ध पाहिलं. लोझानचा तह दोन्ही बाजूंनी घासाघीस करून झाला, दोन्ही बाजू थोड्या नाराज घरी गेल्या, आणि तो आजही कायम आहे. आमच्या मते या माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शिकवण हीच.

पण तिची दुसरी बाजू तितकीच मोठी आहे. जे टेबलावर नव्हते त्यांचं काय झालं? आर्मेनियन आणि कुर्द यांना परिषदेत जागा नव्हती, त्यांची सेव्रमधली वचनं लोझानमध्ये गायब झाली. १९१५ मध्ये ज्यांची कत्तल आणि हकालपट्टी झाली त्या आर्मेनियन लोकांना न्यायाचा एक शब्दही मिळाला नाही. अरबांना कुणी विचारलं नाही. तुर्कस्तानने अरब मुलखावरचा हक्क सोडला आणि त्याच वर्षी सप्टेंबर अखेरीस फलस्तीनवरचा ब्रिटिश मँडेट रीतसर लागू झाला, ज्याच्या मसुद्यात बालफोर जाहीरनामा गोवलेला होता. आज फलस्तीनसाठी आपण दुआ करतो, तेव्हा त्या जखमेची तारीख शोधत मागे गेलं तर याच वर्षांपाशी थांबावं लागतं.

आणि लोकसंख्येची अदलाबदल. ३० जानेवारी १९२३ च्या करारानुसार तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला आणि ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानला, सक्तीने. सुमारे बारा लाख एका बाजूने, त्यांतले बहुतेक आधीच पळून गेलेले, आणि साडेतीन-चार लाख दुसऱ्या बाजूने. फक्त इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान वगळले. भाषा कुणी पाहिली नाही. क्रीट बेटावरचे मुसलमान घरात ग्रीक बोलायचे, त्यांना तुर्कस्तानात पाठवलं. अनातोलियातले कितीतरी ख्रिस्ती फक्त तुर्की बोलायचे, त्यांना ग्रीसला. दोन्हीकडे ते परकेच ठरले. तेव्हाच्या मुत्सद्द्यांना ही शांततेची किंमत वाटली. १९४७ पाहिलेल्या आपल्या उपखंडाला या हिशोबावर इतक्या सहज मान डोलावता येणार नाही.

खिलाफतीचा शेवट

३० ऑक्टोबर १९२३ ला इस्मत प्रजासत्ताकाचे पहिले पंतप्रधान झाले. पुढच्याच महिन्यात त्यांना लंडनहून एक पत्र आलं. लिहिणारे दोघेही हिंदी मुसलमानांचे मोठे नेते, आगाखान आणि सय्यद अमीर अली. खलीफांचं स्थान मुस्लिम जगाला भरवसा वाटेल असं ठेवा, अशी त्यांची विनंती होती. नियत चांगली होती. पण पत्र सरकारच्या हाती पडण्याआधी इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. अंकारात गदारोळ उठला. ब्रिटिशांशी जवळीक असलेले लोक आपल्या कारभारात दखल देतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. संपादकांवर खटले चालले. इस्मत यांनी या प्रकरणाचा पुरेपूर उपयोग करून घेतला. ३ मार्च १९२४ ला मजलिसने खिलाफत रद्द केली आणि खलीफा अब्दुलमजीद यांना त्याच रात्री देशाबाहेर काढलं. त्यांची मुलगी दुर्रूशेवार हिचं लग्न १९३१ मध्ये निजामांच्या थोरल्या मुलाशी झालं. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता, म्हणजे उस्मानी घराण्याची लेक एका अर्थाने आपल्याकडे नांदायला आली.

मुंबईत हा घाव किती खोल गेला असेल याची कल्पना आपल्याला करता येते. ज्यांच्यासाठी दागिने दिले, तुरुंग भोगले, त्यांनीच ती संस्था मोडली. इथून गेलेल्या पैशातला काही भाग १९२४ मध्ये निघालेल्या इश बँकेच्या भांडवलात गेला असं सांगतात. आम्हाला वाटतं, दोन्ही बाजूंचं दुःख समजून घ्यावं. आपल्या लोकांना खिलाफत हा उम्मतचा आसरा वाटत होता. अंकाराला ती परक्यांना घरात शिरायची खिडकी वाटत होती. दोघे एकमेकांसाठी मरायला तयार होते, पण एकमेकांचं म्हणणं समोरासमोर बसून ऐकण्याची सोय त्यांना कधी मिळालीच नाही.

इस्मत यांच्या राजवटीतल्या सख्तीबद्दल मौन पाळणं बरोबर होणार नाही. १९२५ च्या कुर्द बंडानंतर कडक कायदा करून विरोधकांची तोंडं बंद केली गेली. देरसिममध्ये १९३७-३८ च्या लष्करी कारवाईत हजारो लोक मारले गेले. त्यातल्या पहिल्या काळात ते पंतप्रधान होते. १९३२ पासून अरबी अजान बंद होऊन तुर्कीत द्यावी लागली आणि इस्मत राष्ट्राध्यक्ष असताना १९४१ मध्ये ती मोडणाऱ्याला सजेचा कायदा झाला. १९४२ च्या संपत्ती कराने इस्तंबूलच्या ग्रीक, आर्मेनियन, ज्यू व्यापाऱ्यांना धुळीला मिळवलं. अल्पसंख्याक म्हणून जगणाऱ्या आपल्याला या शेवटच्या गोष्टीचा अर्थ पटकन कळतो.

दुसरं युद्ध, दुसरी घडी

लोझानमध्ये ग्रीसच्या बाजूने वेनिझेलोस होते. त्यांच्याच फौजा इझमीरला उतरल्या होत्या. तेच वेनिझेलोस १९३० मध्ये पाहुणे म्हणून अंकाराला आले, मैत्रीचा करार झाला आणि पुढच्या वर्षी इस्मत अथेन्सला जाऊन आले. कालचे दुश्मन आठ वर्षांत एकमेकांच्या घरी जेवले, कारण सरहद्दीचा वाद लोझानमध्ये मिटलेला होता.

नोव्हेंबर १९३८ मध्ये अतातुर्क गेले आणि इस्मत राष्ट्राध्यक्ष झाले. दहा महिन्यांत दुसरं महायुद्ध पेटलं. त्यांनी ब्रिटन आणि फ्रान्सशी करार केला, मग जर्मनीशीही अनाक्रमणाचा करार केला आणि लढले कुणाच्याच बाजूने नाहीत. जानेवारी १९४३ च्या अखेरीस अदानाजवळच्या एका स्टेशनात, आगगाडीच्या डब्यात, चर्चिल त्यांना युद्धात ओढायला आले. डिसेंबरात कैरोला रूझवेल्टही होते. इस्मत पुन्हा लोझानवाले इस्मत झाले. शस्त्रं कमी आहेत, विमानं कमी आहेत, आधी ती द्या, मग बघू. लोकांनी ब्रेडचं रेशन आणि महागाई सोसली, पण एक पिढी जिवंत राहिली. येमेन ते फलस्तीन पाहिलेल्या माणसाला त्याची किंमत माहीत होती.

मात्र शांततेच्या वेळी बाहेर राहून चालत नाही, हेही त्यांना माहीत होतं. दोस्तांनी अट घातली की १ मार्च १९४५ पूर्वी जो देश जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारेल त्यालाच सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेचं आमंत्रण. २३ फेब्रुवारीला तुर्कस्तानने युद्ध पुकारलं आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थापक देशांत जागा घेतली. कुणी याला संधिसाधूपणा म्हणेल. पण ज्याने सेव्र पाहिलं होतं, त्याला नवे नियम लिहिले जात असताना दाराबाहेर उभं राहणं परवडणार नव्हतं. जूनमध्ये सोव्हिएत रशियाने कार्स, अर्दाहान आणि सामुद्रधुनीवर तळ मागितले, तेव्हा तुर्कस्तान एकटा पडलेला नव्हता.

नव्या जगात एकपक्षीय राजवट चालणार नाही हेही त्यांनी ओळखलं. १९४६ ची निवडणूक गैरप्रकारांच्या तक्रारींनी गाजली, पण १४ मे १९५० ची निवडणूक खुली झाली आणि त्यात त्यांचा पक्ष साफ हरला. फौज हाताशी असलेल्या या पाशाने राष्ट्राध्यक्षपद सोडलं आणि विरोधी बाकावर जाऊन बसले. नव्या सरकारने महिन्याभरात अरबी अजानवरची बंदी उठवली. मुस्लिम देशांत मतपेटीतून सत्ता शांतपणे हातची गेली आणि जाऊ दिली, असं तेव्हा फारसं घडत नव्हतं.

१९६० च्या लष्करी बंडानंतर माजी पंतप्रधान मेंदेरेस यांना फाशी द्यायचं ठरलं, तेव्हा जन्मभराचे विरोधक असूनही इस्मत यांनी त्यांच्या जिवासाठी रदबदली केली. ती ऐकली गेली नाही. १९६१ ते १९६५ ते पुन्हा पंतप्रधान होते. १९६३ मध्ये त्यांनी युरोपच्या सामायिक बाजारपेठेशी करार केला. १९६४ मध्ये सायप्रसवरून अमेरिकेच्या अध्यक्षांनी कडक पत्र पाठवलं, तेव्हा ऐंशीच्या घरातल्या या माणसाने फौज थांबवली, पण आपला देश कुणा एकाच्या भरवशावर राहणार नाही हेही साफ कळवलं. २५ डिसेंबर १९७३ ला, ८९ व्या वर्षी, अंकारात त्यांचा इंतकाल झाला.

पुढच्या वेळी खिलाफत हाऊसवरून जाताना मुलांना ही गोष्टही सांगा. त्यांना हेही सांगा की तह लादला की तो मोडतो, बोलून केला की टिकतो. आणि बोलायला ज्यांना बोलावलं नाही त्यांचं दुःख शंभर वर्षांनीही बोलत राहतं. आपल्या मोहल्ल्याचा, जमातीचा, घरच्या वाटणीचा फैसला करतानाही एकदा बघावं, की ज्याच्याबद्दल ठरवतो आहोत तो माणूस समोर बसलेला आहे की नाही.